गडी कुठे पाठवावा?



ऐन हंगामात पहाटे डोळा उघडला की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न कोणता उभा राहतो? देवाचे नाव घ्यायच्या आधीच तो उभा असतो. गडी तीन आणि कामे सात! कपाशी वेचायला आली आहे, मोटारीला वीज रात्रीच यायची म्हणून ओलीत राहिले आहे, बागेत फवारा मारायचा आहे, बंडी दुरुस्तीला टाकायची आहे, कोणीतरी कळमन्याच्या बाजारात भाव विचारून यायला हवे. एकाला इकडे पाठवले की तिकडचे काम पडले. आणि ज्याला पाठवले तो संध्याकाळपर्यंत परत यायचा नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

आज मी तुम्हांला एका खेळाविषयी सांगणार आहे, तो नेमका याच प्रश्नाचा खेळ आहे. खेळ परदेशी आहे. सारीपाट, चल्लसआठ, वाघ-शेळी हे आपले खेळ तुम्हांला माहीत आहेत. त्यांत कवड्या किंवा फासे टाकायचे आणि पडेल ते दान घेऊन पुढे सरकायचे, नाहीतर वाघाने शेळी खायची. या नव्या खेळात फासा नाही. पटावर वेगवेगळ्या कामांची घरे काढलेली असतात आणि प्रत्येक खेळणाराजवळ लाकडाचे इवलेसे गडी असतात. आपला गडी एखाद्या घरात ठेवला की ते काम आपले झाले. पण त्या घरातली जागाही भरली, आता तिथे दुसऱ्याला शिरता येत नाही. जर्मनीत आणि इंग्लंडात अशा धर्तीचे खेळ गेली पंचवीस-तीस वर्षे तयार होत आहेत. गडी नेमण्याचे खेळ, असे त्यांना आपण म्हणू.

मी बोलतो आहे त्याचे नाव 'व्हिटिकल्चर', म्हणजे द्राक्षवेलीची शेती. जेमी स्टेगमायर आणि ॲलन स्टोन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी तो रचला. २०१३ साली तो बाहेर आला आणि २०१५ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. खेळातली जागा इटलीतल्या टस्कनी प्रांताची. कल्पना अशी की आईवडिलांनी मागे ठेवलेला एक छोटा द्राक्षमळा तुमच्या वाट्याला आला आहे. तीन वावरे आहेत, थोडे पैसे आहेत, तीन गडी आहेत. वेली लावा, द्राक्षे तोडा, त्यांची वाइन करा, मागणी आली असेल तिला ती पुरवा. ज्याचे वीस गुण आधी होतील त्या वर्षी खेळ संपतो आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. एकट्याने खेळा किंवा सहा जणांनी खेळा. दीड तासात डाव आटोपतो. नवखे असतील तर दोन-अडीच तास धरा.

आमच्या कोराडीत हा खेळ आला तो माझ्या पुण्याच्या भाच्याबरोबर. दिवाळीच्या सुटीत त्याने पेटी उघडली आणि जाताना ती इथेच विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे! तेव्हापासून रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर चारपाच पोरे जमतात. कोणी वीजकेंद्रातल्या कामगाराचा मुलगा, कोणी आसपासच्या खेड्यांतला शेतकऱ्याचा. पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आहे म्हणून सुरुवातीला पोरे बिचकली. मग त्यांनीच एका रविवारी बसून प्रत्येक पत्त्याला मराठीची चिठ्ठी चिकटवली. भाचा पाहील तर कपाळाला हात लावील; पण त्या चिठ्ठ्यांमुळेच खेळ आमचा झाला. वेल चढवायला जो सांगाडा उभारावा लागतो त्याला कोणी ताटी म्हणेना, कोणी चौकट म्हणेना. नाशिकला मावशी असलेल्या एका पोराने 'मांडव' म्हटले आणि तो शब्द बसला. पाण्याच्या सोयीला 'ओलीत', वाइन मुरत ठेवायच्या खोलीला 'तळघर'. आणि खेळात एक गडी इतरांपेक्षा मोठा असतो, जागा भरलेल्या घरातही तो घुसू शकतो. त्याचे नाव अर्थातच 'सालदार'.

या खेळाची खरी मेख सांगतो. वर्षाचे चार ऋतू मानले आहेत. उन्हाळ्यात लावणी, बांधकाम, आलेल्या पाहुण्यांना मळा दाखवून दोन पैसे मिळवणे, अशी कामे. हिवाळ्यात द्राक्षतोड, वाइन करणे, मागणी पुरवणे आणि नवा गडी शिकवून तयार करणे. आता मेख अशी की उन्हाळ्यात कामाला लावलेला गडी वर्ष संपेपर्यंत मोकळा होत नाही. तीनही गडी उन्हाळ्यात खर्ची घातले तर हिवाळ्यात द्राक्षे वेलीवर लोंबत राहतात आणि आपण हात चोळत बसतो. पहिल्या डावात आमच्या पाचही जणांचे हेच झाले. मी सुद्धा त्यात होतो, हे कबूल करायला हरकत नाही. एम.ए.ची पदवी इथे काही कामाला आली नाही.

दुसरी गंमत वसंत ऋतूतली. वर्षाच्या आरंभी कोणी किती वाजता उठायचे हे ठरवायचे असते. सात पायऱ्यांची एक शिडी आहे. पहिल्या पायरीवर बसला तो सगळ्यांच्या आधी उठला. हवे ते काम त्याला आधी मिळणार, पण दुसरे काही बक्षीस नाही. दुसऱ्या पायरीवर वेलीचा एक पत्ता मिळतो, तिसरीवर मागणीचा, चौथीवर एक नाणे, पाचवीवर पाहुण्याचा पत्ता, सहावीवर एक गुण, आणि सर्वांत शेवटी उठणाऱ्याला त्या वर्षापुरता एक जादा गडी. म्हणजे लवकर उठावे की उशिरा, याचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडायचा. तुमच्याजवळ पुरवण्याजोगी वाइन तयार आहे आणि शेजाऱ्याजवळही आहे, तर पहिली पायरी धरा. जागा एकच असेल तर ती आधी पोचणाऱ्याचीच. काही घाई नसेल तर खुशाल सातवी धरा आणि जादा गडी घ्या. जगभर ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना ही शिडी फार आवडते, आणि मला विचाराल तर साऱ्या खेळातली सगळ्यांत हुशारीची गोष्ट हीच आहे.

आता थोडे नाशिककडे जाऊ. द्राक्षाची वाइन हा आपल्या महाराष्ट्राला अगदीच परका उद्योग नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन तयार करून ती परदेशी पाठवली होती. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे त्यासाठी खास वसाहती निघाल्या. खेळातल्या पत्त्यांवर वेलींची जी नावे आहेत, काबर्ने सोव्हिन्यों, सिरा, सोव्हिन्यों ब्लाँ, तीच नावे आज दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ऐकू येतात. सिराला तो शिराझ म्हणतो, एवढेच.

आणि काय योगायोग पाहा! खेळात द्राक्षतोड हिवाळ्यात होते. खुद्द टस्कनीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, हिवाळ्यात तिथल्या वेली निष्पर्ण असतात. म्हणून जाणकार या बाबतीत खेळाला नावे ठेवू शकतील. पण नाशिकचा शेतकरी ठेवणार नाही. तो एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा सरला की गोडी छाटणी करतो, आणि वाइनची द्राक्षे त्याच्याकडे जानेवारी ते मार्चच्या सुमारास उतरतात. टस्कनीचे चुकलेले पंचांग नाशिकला असे बरोबर लागू पडते. पाहुण्यांना मळा दाखवून पैसे मिळवण्याचा भागही तसाच. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे नाशिकचे मळे बघायला जातात, तिथे राहतात, पैसे देऊन चव घेतात. खेळात तर वाइनचा थेंबही न काढता, नुसते पाहुणे फिरवून, पवनचक्की बांधून आणि वेली लावून पुष्कळ गुण गोळा करता येतात. वाइनच्या खेळात वाइनवाचून इतकी मजल मारता यावी हे काही खेळणाऱ्यांना रुचत नाही. मला मात्र ते खोटे वाटत नाही. शेतीपेक्षा शेती दाखवण्यात जास्त पैसा आहे, हे आपण पाहतोच आहोत.

पण खेळ जिथे खोटा आहे तिथेही बोट ठेवले पाहिजे, आणि ते बोट मी ठेवले नाही. एका पोराने ठेवले.

खेळात एक सोय आहे. पैसा कमी पडला तर आपले रिकामे वावर बँकेला विकता येते. तीन वावरांची किंमत पाच, सहा आणि सात लिरा. लिरा हे इटलीचे जुने नाणे. पुढे हाती पैसा आला की तेवढेच लिरा मोजून वावर परत घ्यायचे. अनुभवी खेळणारे तर पहिल्याच वर्षी एक वावर विकतात, त्या पैशात नवा गडी तयार करतात आणि मग निवांतपणे वावर सोडवून घेतात. मी ही युक्ती पोरांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण, जो एरवी बोलतच नाही, तो म्हणाला, "सर, इकलेलं वावर त्याच भावात वापस भेटते का हो कुठं?"

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. त्याच्या घरचे दोन एकर बहिणीच्या लग्नात गेले, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. आज तिथे भूखंडांचे दगड रोवलेले आहेत.

मी त्याला खरे तेच सांगितले, की नाही मिळत. खेळ करणाऱ्यांना डाव अडकून पडू नये म्हणून ही वाट ठेवावी लागली असेल. पण त्या दिवसापासून पोरांना खेळातल्या अशा जागा दिसू लागल्या. वेल लावली त्याच वर्षी हिवाळ्यात फळ देते. प्रत्यक्षात मांडवावर वेल चढून पहिला माल हाती यायला दीड-दोन वर्षे जातात. वेल उपटली तर तिचा पत्ता फुकट परत हातात येतो; पण नाशिकला २००९-१० च्या सुमारास वाइनला उठाव राहिला नाही, कारखान्यांतले साठे पडून राहिले आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली, तेव्हा उपटलेल्या वेलीचा खर्च त्यांना कोणी परत केला नाही. खेळात गारपीट नाही, करपा नाही, भाव पडणे नाही. तोडून ठेवलेली द्राक्षेसुद्धा दरवर्षी एकेक घर वर चढतात, अधिक मोलाची होतात! वाइन मुरते हे खरे. पण तोडलेले द्राक्ष मुरत नाही, ते नासते. या खेळातल्या शेतकऱ्याला निसर्गाचे भय नाही. भय एकच, की शेजाऱ्याचा गडी आपल्या आधी जाऊन जागा धरील.

मग पोरांनीच काय केले, तर पुठ्ठ्याचे दहा तुकडे कापले. एकावर गारपीट, एकावर पडलेला भाव, एकावर रात्रीची वीज, दोघांतिघांवर 'यंदा बरे गेले' असे लिहिले, आणि दरवर्षी शरद ऋतूत एक तुकडा उपडा करायचा असे ठरवले. गारपीट निघाली की ज्याच्या एकाच वावरात सगळ्या वेली असतील त्याच्या त्या वर्षीच्या द्राक्षांवर पाणी. आणि वावर सोडवायचे तर दुप्पट लिरा. एवढ्याने खेळ पार बदलून गेला. वावर विकायला कोणी धजेना. ज्याने त्याने थोडे थोडे सगळीकडे लावायला सुरुवात केली. डाव रेंगाळू लागले, वीस गुण व्हायला पूर्वीपेक्षा दोन-तीन वर्षे जास्त लागू लागली, आणि एका रविवारी तर कंटाळून डाव अर्धवट सोडला. खेळ म्हणून तो आधीचाच बरा होता, हेही सांगायला हवे. सगळे भोग पटावर आणले की खेळायला कोण बसणार?

एक प्रश्न राहिला, आणि तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात मघापासून असेल. गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो मला रस्त्यातच अडवून विचारला. "मास्तर, पोरायले दारूचा खेळ शिकवता म्हणे?" प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या शेजारी वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत स्त्रियांच्या आणि कार्यकर्त्यांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यावी असे २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, तेव्हा केवढे वादळ उठले होते ते तुम्ही विसरला नसाल. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असे एक बाजू म्हणत होती. घरातली भांडी विकली जातील, असे दुसरी बाजू म्हणत होती. ज्या घरांतून माझे विद्यार्थी येतात त्यांतल्या काही घरांत ही दुसरी गोष्ट घडलेली मी पाहिली आहे. तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असले उत्तर त्या गृहस्थांना द्यायला माझी जीभ धजली नाही.

मग आम्ही द्राक्षाच्या जागी संत्रे बसवून पाहिले. नागपूरची माणसे आम्ही. आंबिया आणि मृग असे दोन बहार हाताशी आहेत, ताण तोडणे आहे, व्यापाऱ्याला झाडावरचा माल विकणे आहे. कल्पना मोठी झकास वाटली, पण जमेना. कारण या खेळाचा सारा डोलारा मुरण्यावर उभा आहे. वाइन तळघरात जितकी राहील तितके तिचे मोल वाढते. थांबावे की आता विकावे, हा पेच त्यातूनच निर्माण होतो. संत्रे थांबत नाही. ते झाडावर थांबले तर गळते आणि पेटीत थांबले तर सडते. संत्र्याचा खेळ करायचा तर तो थांबण्याचा नव्हे, धावण्याचा खेळ करावा लागेल; आणि तो करणारा अजून कोणी भेटलेला नाही. तुमच्यापैकी एखाद्या शिक्षकाने मनावर घेतले तर मला आनंद होईल. पुठ्ठा, चिंचोके आणि थोडा धीर, एवढेच सामान लागते.

तोवर, शाळेतल्या लहान मुलांपुढे ही पेटी मी ठेवणार नाही, असे त्या गृहस्थांना सांगितले. माझ्याकडे येणारी पोरे महाविद्यालयातली आहेत, वाइन काय आहे आणि दारू काय करते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शाळेसाठी याच जातीचा दुसरा खेळ आहे, 'ॲग्रिकोला' नावाचा. उवे रोझेनबर्ग या जर्मन गृहस्थाने तो २००७ मध्ये काढला. त्यात नांगरणी आहे, धान्य आहे, गुरांना कुंपण आहे, आणि प्रत्येक सुगीला घरच्या माणसांच्या तोंडी घास घालावा लागतो; नाही घातला तर भिकेचे पत्ते गळ्यात पडतात. व्हिटिकल्चरपेक्षा तो कठोर आहे. आमच्या कोपऱ्यातल्या त्या पोराला तो जास्त आवडेल असे मला वाटते.

बाकी खेळणाऱ्यांची मते म्हणाल तर पुष्कळांना हा खेळ प्रिय आहे. काम आणि त्याचे नाव यांचा मेळ त्यात इतका चांगला आहे की नियम लक्षात राहतात. तळघर नसेल तर चांगली वाइन ठेवायला जागा नाही, हे कोणाला दोनदा सांगावे लागत नाही. तक्रार आहे ती पत्त्यांबद्दल. पाहुण्यांचे काही पत्ते असे भरभरून देतात आणि काही इतके कोरडे निघतात की शहाणपणापेक्षा नशीब वरचढ होते. पहिली दोन-तीन वर्षे रखडत जातात आणि मग शेवटी एखादा बारा गुणांवरून एकदम विसावर उडी मारतो. टस्कनीच्या नावाचा जोडपट पुढे २०१४ मध्ये निघाला. त्यात चारही ऋतूंत गड्यांना कामे आहेत, आणि मुरलेले खेळाडू त्याच्याशिवाय बसत नाहीत. आमच्याजवळ तो नाही, आणि भाच्याला मागण्याचे धाडस, चिठ्ठ्या चिकटवल्यावर, माझ्यात नाही.

ते वडीलधारे गृहस्थ मागच्या पंधरवड्यात ओसरीवर आले. बसले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले. पोरांनी त्यांना सात पायऱ्यांची शिडी समजावून सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि सातव्या पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "हे उलटंच हाय. उशिरा उठणाऱ्याले जास्तीचा गडी? आमच्या चौकात सहा वाजता जाय, एक मजूर भेटणार नाही. सारे पाचलेच लोकं घेऊन जातेत."

कोपऱ्यातल्या पोराने एक चिठ्ठी फाडली, पेन उघडला आणि त्यांना विचारले, "मंग बाबाजी, पहिल्या पायरीवर काय लिहू?"